शून्य काम

उसना धान शिजत असला की मूल गावाच्या आमच्या टोकाला एक वास पसरतो. थोडा आंबूस, थोडा गोडसर, ओल्या पोत्यासारखा. सवय नसलेल्या माणसाला नाक दाबायला लावणारा. मी त्याच वासात वाढले. राइस मिलच्या मागच्या भिंतीला लागून आमच्या दोन खोल्या होत्या. भिंतीच्या पलीकडे धान भिजवायचे हौद, वाफेची कोठी, आणि उन्हात धान वाळवायचं ते भलंमोठं सिमेंटचं पटांगण. धान आधी भिजवायचा, मग वाफेवर शिजवायचा, मग वाळवून भरडायचा, तो उसना तांदूळ. मिल चालू असली की आमच्या घरातल्या ताटल्या फळीवर हलक्या आवाजात थरथरायच्या, आणि मिल बंद पडली की आम्ही सगळे एकदम मोठ्याने बोलत आहोत हे आमच्याच लक्षात यायचं. आजही गडचिरोलीकडे जाताना बस त्या मिलांजवळून जाते तेव्हा शेजारचे लोक खिडकी लावून घेतात. मी माझी थोडी जास्त उघडते.

बाबा मिलच्या भट्टीवर होते. धानाची टरफलं फावड्यानं भट्टीत टाकायची, वाफेचा काटा बघायचा, राख ओढायची, हे त्यांचं काम. आई तिथंच रेजा, म्हणजे मजूर बाई, होती. हौदातला ओला धान टोपल्यात भरायचा, डोक्यावर घ्यायचा, पटांगणाच्या दूरच्या कोपऱ्यापर्यंत न्यायचा आणि पसरायचा. मग उन्हात पायानं सऱ्या ओढत तो खालीवर करायचा. तिच्या टाळूवर, जिथं चुंबळ बसायची तिथं, केस विरळ झाले होते. अंघोळ झाल्यावर ती त्या जागी खोबरेल तेल चोळायची आणि वरून पदर घ्यायची. मी लहानपणी त्या गोल जागेवर बोट फिरवायचे. तिला ते आवडायचं, पण ती म्हणायची, “नको व, गुदगुल्या होते.”

आमच्याकडे तिन्ही वेळा भात. सकाळी रात्रीचा शिळा भात, त्यावर कच्चं तेल, तिखट आणि चिरलेला कांदा. दुपारी डब्यात भात आणि भेदऱ्याची, म्हणजे टोमॅटोची, चटणी. संध्याकाळी भात आणि लाखोळीच्या डाळीचं वरण, वरून भरपूर सांबार, म्हणजे कोथिंबीर. बाजाराच्या दिवशी सुकलेले झिंगे. आई थाळीभर, अगदी डोंगरासारखा भात घ्यायची आणि तो शांतपणे संपवायची. एवढीशी बाई इतका भात कुठं ठेवते, असं मला वाटायचं. बाबा तिच्या निम्मं खायचे. जेवणाआधी विहारातून वंदनेचा आवाज आला की दोघंही हात धुऊन क्षणभर उभे राहायचे आणि मगच बसायचे. त्या घरात बोलणं कमी होतं, पण कुणी कुणाचं ताट रिकामं राहू द्यायचं नाही.

दहावीला मला चांगले मार्क पडले आणि मी अकरावी सायन्सला गेले. आमच्या वस्तीतून सायन्सला गेलेली मी पहिली मुलगी. तोवर सगळं मराठीत शिकलेले, आणि आता फिजिक्सचं पुस्तक इंग्रजीत. प्रत्येक पानावर पंधरा-वीस शब्द अडायचे. बाबांनी बाजारातून एक जुनी डिक्शनरी आणून दिली होती, तिची पहिली काही पानं नव्हती, त्यामुळे ‘ए’पासून सुरू होणाऱ्या शब्दांच्या बाबतीत मी बराच काळ अंदाजावर जगले. वर्गात तहसील ऑफिसातल्या बाबूंची, मास्तरांची, दुकानदारांची मुलं. पहिल्याच दिवशी एका मुलीनं विचारलं, “तुझी आई काय करते?” मी म्हटलं, “घरीच असते.” असं का म्हटलं ते आज सांगता येतं, तेव्हा सांगता आलं नसतं. पण एकदा म्हटल्यावर ते निभवावं लागलं. मी मिलच्या फाटकासमोरून कॉलेजला जाणं सोडलं आणि लांबच्या रस्त्याने जायला लागले.

फिजिक्स शिकवायला गुरनुले सर होते. सावली तालुक्यातल्या एका खेड्यातले, माळ्याच्या घरचे. नोकरीचं त्यांचं दुसरंच वर्ष. रोज एसटीनं यायचे आणि बसमधून उतरल्यावर शर्टाच्या बाह्या नीट करत वर्गात शिरायचे. आवाज बारीक होता, पण फळ्यावर अक्षर फार सुरेख. त्या दिवशी त्यांनी ‘वर्क’ शिकवायला घेतलं. बल आणि त्या बलाच्या दिशेनं झालेलं विस्थापन, यांचा गुणाकार म्हणजे वर्क. मग पुस्तकातलं उदाहरण वाचलं: डोक्यावर ओझं घेऊन एक मजूर सपाट रस्त्यानं चालतो आहे. ओझ्याला पृथ्वी खाली ओढते, तो तेवढंच वर ढकलतो, पण ओझं वरही जात नाही आणि खालीही येत नाही. म्हणून, सर म्हणाले, “वर्क डन इज झीरो.”

नववीत हेच मी मराठीत शिकले होते. पण तेव्हा शब्द होता ‘कार्य’. कार्य म्हणजे लग्नकार्य, नाहीतर भाषणातलं समाजकार्य. त्याचा आमच्या घराशी संबंध नव्हता. ते शून्य झालं काय आणि दहा झालं काय. आता शब्द होता वर्क, आणि माझ्या डिक्शनरीत वर्क म्हणजे काम. काम म्हणजे काय ते मला नीट माहीत होतं. मी उभी कधी राहिले ते मला आठवत नाही.

“सर, हे चूक आहे.”

“काय चूक आहे?”

मी मनात इंग्रजी वाक्य जुळवत होते. ते जुळलं नाही. शाळेतली मराठीही पळून गेली. तोंडातून निघालं ते घरचं. “माही आई दिवसभर टोपले वाहाते, सर. सपाट पटांगनावर. घामानं तिचा पोलका वला होते. मंग तिनं कामच नाई केलं का?”

वर्ग हसला. मागून एक मुलगा म्हणाला, “तिची आई तर घरी असते ना?” मग आणखी हसले. माझे कान तापले. मी सरांकडे पाहत राहिले. ते एवढंच म्हणतील की बस खाली, पुस्तकात आहे ते बरोबर आहे, असं मला वाटलं. सरांनी खडूनं फळ्यावरचं सूत्र पुन्हा एकदा मांडून पाहिलं. मग वळून म्हणाले, “गणितानं उत्तर शून्यच येतं. पण घाम का येतो, ते मला सांगता येत नाही. मला माहीत नाही.”

पुढे मी तीस वर्षं मुलांना फिजिक्स शिकवलं. वर्गासमोर उभं राहून ‘मला माहीत नाही’ म्हणायला किती जोर लागतो ते आता मला ठाऊक आहे. त्या दिवशी मात्र मला ती हार वाटली. यांनाही येत नाही आणि तरी शून्य म्हणतात, असं वाटून माझा राग वाढला. चाचणी परीक्षेत नेमकं तेच गणित आलं: वीस किलोचं ओझं, डोक्यावर, पन्नास मीटर सपाट. मी पेन दाबून लिहिलं, ‘नॉट झीरो’. त्या प्रश्नाला मला भोपळा मिळाला. मी फिजिक्सच्या तासाला बसणं बंद केलं. तास चालू असताना बाहेर लिंबाखाली बसायचे आणि आर्ट्सला बदली कशी मिळते याची चौकशी करायचे.

संध्याकाळी जेवताना मी घरी सांगून टाकलं की सायन्स सोडते.

आईचा घास हातात थांबला. “काऊन व?”

“जमत नाई.”

“दहावीत त जमत होतं.”

मग मी सगळं सांगितलं. पुस्तकात काय आहे, मी काय म्हणाले, कोण हसलं. आई घरी असते असं मी खोटं सांगितलं होतं तेही त्या ओघात निघालं. तिनं माझ्या ताटात वरण वाढलं. बाबांनी मान खाली घातली. ते वरण गिळणं मला आजवरच्या कोणत्याही परीक्षेपेक्षा जड गेलं.

शेवटी आई म्हणाली, “तुह्या सरनं कधी टोपलं उचललं हाय का?”

“नसंल.”

“मंग त्यायले काय मालूम? त्यायले म्हन, येऊन पाहा. न पाहता त तूबी भांडून राह्यली आन तेबी.”

दुसऱ्या दिवशी स्टाफरूमच्या दारात उभी राहून मी आईचा निरोप जसाच्या तसा सांगितला. सर हसले नाहीत. म्हणाले, “येतो. पण आधी मला थोडं वाचू दे.” ते त्या शनिवारी चंद्रपूरला त्यांच्या कॉलेजातल्या जुन्या सरांकडे गेले, हे मला फार नंतर कळलं. दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी सकाळी, पांढरा शर्ट घालून, ते मिलच्या फाटकात उभे होते. हंगाम असल्यामुळे रविवारीही काम चालू होतं.

सर येताच बायकांची कुजबूज सुरू झाली. आई हौदापाशी होती. तिनं पदर सारखा केला आणि नमस्कार केला. सर म्हणाले, “बाई, मला एक टोपलं द्या.” आईला वाटलं बघायला मागतात. तिनं रिकामं टोपलं पुढे केलं. “भरलेलं द्या,” सर म्हणाले. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे. मग तिनं आपली चुंबळ सरांच्या डोक्यावर बसवली. तिनं आणि लीलाबाईनं दोन बाजूंनी धरून टोपलं चढवलं. लीलाबाई आईची जोडीदारीण, पटांगणावर सगळ्यात मोठ्यानं हसणारी बाई. सरांची मान एकदम आत गेली. हौदाचं पाणी टोपल्यातून गळून कॉलरमध्ये उतरायला लागलं.

“मान सरळ ठेवा, सर! खाली पाहू नोका!” लीलाबाई ओरडली. “नवरीसारखे चाला!”

सर चालले. अर्ध्यात टोपलं कललं, पसाभर धान सांडला, बायका हसून बसल्या. पण सर कोपऱ्यापर्यंत पोहोचले, टोपलं रिकामं केलं, आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले. शर्ट पाठीला चिकटला होता. मी पुढे होऊन म्हटलं, “हेही शून्यच का, सर?” आता आठवलं की माझीच मला लाज वाटते. सर दम खात हसले आणि आईला विचारलं, “बाई, तुम्हाला सगळ्यात जास्त जोर कुठं लागतो?”

आईला विचार करावा लागला नाही. “उचलताना. ते येक डाव डोक्यावर आलं का मंग पाय चालते. वझं आपल्या संगच चालते. निस्तं उभं राह्यलं का मंग मान दुखते. पन खरं लागते ते उचलताना.”

सरांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू त्यांचंच गणित सुटलं होतं. “ऐकलंस, करुणा? पुस्तक हेच सांगतंय. आईनं ते जास्त चांगलं सांगितलं.”

मग आम्ही हौदाच्या सावलीत बसलो. सरांनी विटेचा तुकडा घेतला आणि सिमेंटवर एक टोपलं काढलं. म्हणाले, “पुस्तक फक्त या टोपल्याला विचारतं: बाबा रे, तुला काय मिळालं? जमिनीवरून डोक्यावर आलं तेव्हा त्याला मिळालं. ते उंचावर गेलं. उंचावरून सोडलं तर ते धपकन पडेल, कुणाचा पाय मोडेल. ती ताकद आईनं त्याच्यात घातली. तिला ऊर्जा म्हणायचं. पण या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं तेव्हा टोपल्याला नवीन काय मिळालं? काही नाही. तेवढीच उंची, तेवढंच वजन. म्हणून टोपलं म्हणतं, शून्य. टोपलं खोटं बोलत नाही. पण आईला विचारलं, तुझं काय गेलं, तर तिचं उत्तर वेगळं येणार. हे दोन वेगळे प्रश्न आहेत. मी वर्गात एकच विचारला, आणि उत्तर दोन्हींचं म्हणून सांगितलं. ती माझी चूक.”

मग त्यांनी उचलण्याची ऊर्जा काढली. वीस किलो, दीड मीटर. उत्तर आलं साधारण तीनशे ज्यूल. “आता हे केवढं, ते सांगतो,” ते म्हणाले. “शिजलेल्या भातात किती ऊर्जा असते ते मी चंद्रपूरला विचारून आलो. एक टोपलं डोक्यावर चढवायला लागते ती ऊर्जा भाताच्या एका शितात असते. साधारण एका शितात.”

“येका शितात?” आई म्हणाली.

“हो.”

आईनं हातातला धान खाली टाकला. तिच्या चेहऱ्यावर असा भाव मी पूर्वी पाहिला नव्हता. बाजारात कुणी वजनात मारायला लागलं की तिच्या कपाळावर आठी पडायची, तशी आठी होती, पण राग नव्हता. “म्हंजे दिवसाचे शंभर टोपले त शंभर शितं. मी सकाळी, दुपारी, संध्याकाळी थाळी थाळी भात खाते. बाकीचा कुठी जाते?”

सरांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण त्याआधी मागून बाबा बोलले. ते भट्टीवरून फावडं हातात घेऊनच आले होते आणि केव्हाचे उभे होते. बाबा परक्या माणसासमोर सहसा बोलत नसत. “भट्टीचंबी तसंच हाय, सर,” ते म्हणाले. “येवढा भुसा टाकतो मी. सारं का धानाले लागते? कितीक त धुराड्यातून जाते. कितीक भिंती तापवते. मीबी तापतो. धान शिजाले त त्यातलं जरासंच लागते.”

सर उठून उभे राहिले. त्यांनी बाबांचा हात हातात घेतला, राखेनं भरलेला. “बस, भाऊ. हेच. मी दोन आठवडे हेच शोधत होतो.”

मग त्यांनी सांगितलं. बाई उभी असली तरी तिच्या मानेचे, पाठीचे स्नायू आत सारखे आखडतात आणि सैल होतात. पाऊल टाकताना सगळं अंग बोटभर वर जातं आणि खाली येतं. वर जाताना खर्च होतं ते खाली येताना परत मिळत नाही. काळीज चालतं, छाती चालते, अंग गरम राहतं. भात आत जळतो, आणि त्यातला बहुतेक भाग उष्णता होऊन हवेत जातो. घाम येतो तो त्यासाठीच, अंगाची भट्टी थंड ठेवायला. भातातलं काहीही नाहीसं होत नाही. शितभर टोपल्याला मिळतं, बाकीचं या पटांगणावरच्या हवेला.

मी सिमेंटवरच्या त्या विटकरी रेघांकडे पाहत होते. डोक्यात काहीतरी जागेवर बसल्याचं मला अंगात जाणवलं, दार नीट लागल्यावर जाणवतं तसं. तोवर ऊर्जा हा माझ्यासाठी एक शब्द होता, व्याख्या पाठ करण्यापुरता. त्या सकाळी पहिल्यांदा ती मला सलग दिसली. शेतातल्या उन्हातून धानात, धानातून थाळीत, थाळीतून आईच्या मानेत, तिथून टोपल्यात आणि घामात. आणि टरफलातून भट्टीत, वाफेत, धुराड्यात. कुठंही तुटत नाही, नुसती रूप बदलत जाते. पुढे मोठमोठी समीकरणं शिकले, पण ती सगळी त्या पटांगणाभोवतीच फिरत राहिली.

जाताना सर मला म्हणाले, “त्या प्रश्नाचा मार्क मी तुला देणार नाही. उत्तर शून्यच आहे. पण वार्षिक परीक्षेत शून्य लिही आणि खाली तुझ्या आईचं काय गेलं तेही लिही. मार्क मिळोत न मिळोत.” कीव करून त्यांनी तो मार्क दिला असता तर मी कदाचित फिजिक्स शिकले नसते. न दिलेल्या त्या एका मार्कासाठी मी त्यांचे उपकार मानते.

सोमवारी मी तासाला बसले. सरांनी वर्गाला सगळं सांगितलं, आपण धान सांडला तेही. त्यांनी माझ्या आईचं नाव घेऊन फळ्यावर लिहिलं: ‘पंचफुलाबाईंचा प्रश्न: बाकीचा भात कुठे जातो?’ त्या सुरेख अक्षरात आईचं नाव. कुणी हसलं नाही. मागच्या बाकावरचा तो मुलगा सुटीत येऊन म्हणाला, “माझी आजीबी मिलमध्ये होती. मी कुणाले सांगत नाई.” मी त्या दिवसापासून फाटकासमोरच्या रस्त्यानं जायला लागले, आणि आई दिसली की हात करायचे. ती टोपल्याखालून हात करू शकत नसे. नुसती डोळ्यांनी हसायची.

दोन वर्षांनी सरांची बदली भामरागडकडच्या एका शाळेत झाली. मला नोकरी लागली तेव्हा मी त्यांना पत्र लिहिलं. पावसाळा होता, तिकडचे रस्ते बंद. उत्तर यायला दिवाळी उजाडली. त्यात अभिनंदन एका ओळीचं, आणि बाकी पानभर त्यांनी विचारलं होतं की आईबाबा कसे आहेत.

एक गोष्ट मात्र सरांनी त्या सकाळी सांगितली नव्हती. ती मला बी.एस्सी.ला असताना कळली. ऊर्जा नाहीशी होत नाही हे खरं, पण उष्णता होऊन एकदा हवेत पसरली की ती पुन्हा गोळा करून कामाला लावता येत नाही. ते वाचून मला रडू आलं होतं. आईच्या सगळ्या वर्षांतलं शितभर टोपल्यांना गेलं आणि बाकीचं असं पसरलं की ते कधीच परत यायचं नाही. हे तिला सांगायचं मी कितीतरी वर्षं टाळलं.

सांगितलं ते अगदी अलीकडे, ती माझ्याकडे राहायला आल्यावर. दुपारची ती पलंगावर पडली होती, मी तिच्या टाळूला तेल लावत होते. मिलचा विषय निघाला, सरांचा निघाला, आणि मी सांगून टाकलं. “आई, नाहीसं काही होत नाई म्हणाले होते ना सर? ते खरं हाय. पण तुझं जे गेलं ते वापस येत नाई. तसा नियमच आहे.”

ती डोळे मिटून ऐकत होती. मला वाटलं झोप लागली. मग ती म्हणाली, “त मी कुठी वापस मांगून राह्यली?”

माझा हात तसाच तिच्या डोक्यावर थांबला होता.

“लाव ना व,” ती म्हणाली. “काऊन थांबली?”